स्वतःच्या इच्छेनुसार

"ते आधी काढून टाका!"

"काय काढून टाकू? चारशे माणसं रडलीत त्याच्यावर. माणसांचं रडणं परत घेता येतं का, सलोमत?"

"रडली म्हणे! सुटलो एकदाचे म्हणून रडली. एकानं तरी लिहिलंय का, 'जाऊ नका' म्हणून? दाखवा. बोट ठेवून दाखवा."

सोबित हमरोकुलोवनं बोट ठेवायचं म्हणून मोबाइल नाकापासून हातभर लांब धरला. चष्मा सापडत नव्हता. मुळात हा सगळा गोंधळ चष्मा सापडत नव्हता म्हणूनच झाला होता, पण ते आत्ता बायकोसमोर बोलणं म्हणजे पेटत्या तंदुरात डोकं घालण्यासारखं. तो निमूट अंगठ्यानं खाली खाली सरकत गेला. हृदयं, गुलाब, जोडलेले हात, डाळिंबं, पुन्हा हृदयं. 'सोन्यासारखा माणूस.' 'वाचून आईला हाक मारली, तीही रडली.' 'उस्ताद, जिथं जाल तिथं भरभराट होवो.' हे 'जिथं जाल तिथं' सत्तावीस जणांनी लिहिलं होतं. 'का निघालात' असं विचारणारा मात्र अजून सापडत नव्हता.

"हा बघ, आहे!" तो एकदम म्हणाला. "'एवढी घाई काय होती, सोबित अका?'"

"कुणी लिहिलंय?"

"न्हाव्यानं."

"त्याचं गिऱ्हाईक चाललंय. दुसरा दाखवा."

दुसरा नव्हता.

आता हे भांडण कळायचं तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. सोबितला कुणी काढलंच नव्हतं. फर्गाना खोऱ्यातल्या एका लहान गावच्या 'अनोर' या फुटबॉल क्लबचा तो प्रशिक्षक, सगळ्यांचा 'अका', म्हणजे थोरला भाऊ. अनोर म्हणजे डाळिंब, आणि चाहते स्वतःला 'दाणे' म्हणवतात. संघ खालच्या श्रेणीत, तक्त्यात सातवा. वर जायची आशा नाही, खाली पडायची भीती नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला याहून सुखाची जागा स्वर्गातही मिळत नसेल. अशा जागेवर बसलेल्या सोबितनं मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दाण्यांच्या टेलिग्राम गटावर सर्वांचे आभार मानून सर्वांचा निरोप घेतला होता. क्लबला त्याला काढायचं सुचण्याआधी त्यानं क्लबला माफ करून टाकलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यानं तर हात दाखवायला अख्खा गाव गोळा केला होता.

आज बुधवार. सकाळी आठ वाजता संचालकांचा फोन येऊन गेला होता: दहाला कचेरीत या.

"दहाला जा आणि सरळ सांगा," सलोमत म्हणाली. पिठाचे हात तिनं कमरेवर ठेवले, त्यामुळे तिच्या झग्यावर दोन्ही बाजूंना पांढरे पंजे उमटले. "पत्र माझं नव्हतं, उलमससाठी लिहिलं होतं, चुकून इथं पडलं. तीन वाक्यं. तुम्हाला तर एका दमात तीनशे येतात."

"शुक्रवारपर्यंत नाही सांगता येत."

"शुक्रवारी आपल्या गाद्या-गालिचे ट्रकमध्ये असतील!"

"उद्या त्याच्या बहिणीचं लग्न आहे, सलोमत."

"आणि माझा तंदूर?"

यावर सोबितनं मोबाइल खिशात घातला आणि टोपी शोधायला लागला. टोपी डोक्यावरच होती.

घर क्लबचं. तीस वर्षांत नऊ गावं झाली, नऊ घरं, सगळी त्या त्या क्लबची. सलोमतनं आठ घरांत पडदे लावले, आठ घरांतले काढले, पण तंदूर कुठंच बांधला नाही. तंदूर उचलून नेता येत नाही. आठ गावांत तिनं बाजारची रोटी खाल्ली, आणि तिच्या माहेरी असं सांगितलं तर बहिणी तोंडावर हात ठेवायच्या, जणू तिला कुणी वाळीत टाकलंय. या वसंतात मात्र तिनं कुणाला न विचारता माती आणवली, बकरीचे केस घालून पायांनी तुडवली, आणि परसात, जर्दाळूच्या झाडापासून चार हात लांब, तंदूर घातला. चाळीस दिवस वाळवला. पहिल्या रोट्या भिंतीला चिकटेनात, भस्सकन राखेत पडायच्या. आता चिकटतात. सोबितनं तो तंदूर पाहिला त्या दिवशी जेवताना तीन रोट्या जास्त खाल्ल्या. बायको या गावाला 'हो' म्हणाली होती. त्याला ती तीस वर्षांपूर्वी 'हो' म्हणाली, त्यानंतर तिनं कशालाही 'हो' म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

काढलं जाणं ही एक कला आहे, आणि तिचा सोबितएवढा रियाज खोऱ्यात कुणाचा नाही.

पहिला नारळ मिळाला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, वाळवंटातल्या एका खाणगावी. त्या दिवशी तो रेडिओवर चाळीस मिनिटं बोलला. पंचाचं नाव घेतलं, डाव्या बाजूला खेळणाऱ्या अध्यक्षांच्या मेहुण्याचं नाव घेतलं, वाऱ्याचंही घेतलं. निवेदकानं कंटाळून गाणं लावलं, तरी मागून याचा आवाज येतच होता. पुढची दोन वर्षं त्याला शाळेच्या मैदानावरही कुणी उभं केलं नाही. दुसऱ्या वेळी त्यानं तोंड शिवून घेतलं. इतका गप्प बसला की गावात बातमी उठली, याला तुरुंगात घातलंय; सासरा तांदळाचं पोतं घेऊन भेटायला आला. तिसऱ्या वेळी टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढं त्याला रडू कोसळलं, तेही नेमकं चुकीच्या जागी, प्रायोजकांचे आभार मानताना. प्रायोजक वीटभट्टीवाले होते. पुढं कित्येक वर्षं 'विटांसाठी रडलेला तो कोच' अशीच त्याची ओळख करून दिली जायची.

चौथ्या वेळी त्याला सूर सापडला. आभार गवत कापणाऱ्यापासून सुरू करायचे आणि अध्यक्षांपाशी संपवायचे. हरलेल्या सामन्यांबद्दल बोलायचं नाही. ते लोकांना आठवत असतातच. खेळाडूंना 'माझी मुलं' म्हणायचं, त्यात ज्यानं आपल्याविरुद्ध कागाळ्या केल्या त्यालाही धरायचं, त्याला आधी. शेवटचं वाक्य आखूड ठेवायचं. लोक इतके भारावले की अध्यक्षांनी मैदानाच्या मधोमध त्याला चोपान चढवला, रेघारेघांचा तो जाड झगा, जो पाहुण्याला आणि निवृत्त होणाऱ्याला मानानं घालतात, आणि कमरेला रुमाल बांधला. त्यानंतर प्रत्येक गावी तेच. पुलाव, झगा, टाळ्या. आणि त्या सगळ्याआधी तो एक कागद.

कारण इथं कुणाला कुणी काढत नाही. जो तो आपणहून जातो. माणसापुढं कोरा कागद आणि पेन ठेवतात, आणि त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं असतं: मला माझ्या इच्छेनुसार पदमुक्त करावं. सोबित हसत हसत सांगायचा, "माझ्याएवढा नशीबवान कोण? आयुष्यात आठ वेळा इच्छा झाली, आठही वेळा त्याच दिवशी पुरी झाली. एवढंच, की मला काय इच्छा झालीय ते दर वेळी दुसऱ्यांना आधी कळायचं."

आठ झगे पेटीत घालून कसर लागायला नको म्हणून सलोमतनं उसवून त्यांच्या गाद्या शिवल्या. "आम्ही माझ्या हकालपट्ट्यांवर झोपतो," असंही तो पाहुण्यांना सांगायचा. "मऊ आहेत. पहिल्या तीन मिळाल्या नसत्या तरी चाललं असतं, त्यांना झगे नव्हते."

"मग आठ कुठून झाले? पाचच होतात," एकदा एका पाहुण्यानं हिशेब घातला.

"उरलेले तीन तुमच्या उस्तादांनी स्वतः विकत घेतले," सलोमत आतून म्हणाली. "मागच्या तारखेनं."

अशा माणसाची कीर्ती पसरणारच. शरद ऋतू आला, सामने संपत आले, की खोऱ्यातल्या कोचांचे त्याला फोन सुरू व्हायचे. "सोबित अका, वेळ आली. चार ओळी द्याल?" तो विचारायचा, शेवटचा सामना किती गोलांनी गेला, गवत कापणाऱ्याचं नाव काय, अध्यक्ष रडके आहेत की रागीट. मग लिहून द्यायचा. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापकांनीही लिहून नेलं होतं. सामने जिंकायचे कसे म्हणून त्याला आजतागायत कुणी फोन केला नव्हता.

उलमस हा त्याचा जुना कप्तान. आता नदीपल्याडच्या एका गावी कोच झालेला, आणि गेल्या आठवड्यात तिथं त्याच्यापुढंही कागद-पेन आलं. बाप वारलेला, घरात मोठा तोच, आणि गुरुवारी धाकट्या बहिणीचं लग्न. मुलाकडचे 'कोचच्या घरची मुलगी करतोय' म्हणून गावभर सांगत सुटलेले. लग्नाच्या तोंडावर भावाला नारळ मिळाल्याचं कळलं असतं, तर लग्न मोडलं नसतं, पण सासू ते पोरीच्या प्रत्येक चहाच्या कपात ढवळून तिला पाजत राहिली असती. उलमसनं हातापाया पडून आपल्या अध्यक्षांकडून शुक्रवारपर्यंतची मुदत मिळवली, आणि शुक्रवारसाठी उस्तादाकडे निरोपाचं पत्र मागितलं.

सोबितनं ते दोन दिवस लिहिलं. 'मी या मैदानावर पाहुणा म्हणून आलो आणि घरच्यासारखा राहिलो. पण पाहुण्याला उठायची वेळ कुणी सांगावी लागू नये. चहा अजून गरम आहे, यजमान अजून हसतायत, तेवढ्यात उठावं.' असं ते पत्र. नाव-गाव खाली घालायचं त्यानं उलमसवर सोडलं होतं. मंगळवारी दुपारी ते पाठवायला म्हणून त्यानं मोबाइल उघडला. सगळ्यात वर उलमसचं नाव होतं, हे त्यानं पाहिलं होतं. पण बोट टेकेपर्यंत, त्याच घटकेला, माळ्यानं दाण्यांच्या गटावर मैदानाला पाणी सोडल्याचा फोटो टाकला. गट उडी मारून वर आला, उलमस खाली सरकला, आणि बिनचष्म्याच्या सोबितचं बोट पाण्यात पडलं. मोठं काम झाल्याच्या समाधानात तो आडवा झाला. माझ्याच गादीवर, त्यानं नंतर सांगितलं, चौथ्या झग्यावर.

पाच वाजता उलमसचा फोन.

"उस्ताद, तुम्हालाही काढलं?"

"मला? मला कशाला काढतील? तुझं पत्र मिळालं ना?"

"मिळालं. पण तुमच्याकडून नाही. खेळाच्या तीन बातमीपत्रांतून मिळालं. तुमच्या फोटोसकट."

सोबित उठून बसला. मग पुन्हा आडवा झाला.

"चांगलं होतं हो," उलमस पलीकडून म्हणाला. त्याच्या मागं लग्नघरातल्या कढया वाजत होत्या, कुणीतरी कांद्याचं पोतं कुठं म्हणून ओरडत होतं. "चहा गरम आहे ते वाचून तर मला... उस्ताद, आता मला ते वापरता येणार नाही ना?"

"नाही."

"शुक्रवारपर्यंत दुसरं होईल?"

"बघतो."

मग उलमस म्हणाला, "तुमच्यावर आलं असेल तर सांगून टाका माझं नाव. मी नाही म्हणणार नाही."

पण तो ते अशा आवाजात म्हणाला, जशा आवाजात सर्कशीतला माणूस सिंहाला म्हणेल, घाला माझं डोकं तोंडात. सोबित त्या आवाजाच्या पोराला त्याच्या अठराव्या वर्षापासून ओळखत होता. पेनल्टी मारायला पुढं होताना तो असाच 'मी मारतो' म्हणायचा, आणि चेंडू स्टेडियमबाहेर खरबुजांच्या गाड्यावर जायचा.

"तू कांद्याचं बघ," सोबित म्हणाला.

आणि आता बुधवार, साडेनऊ. सलोमतनं तंदुरातून दोन रोट्या काढल्या, तीळ झटकले, फडक्यात बांधल्या.

"हे कशाला?"

"नोकरी वाचवायला जाताय. रिकाम्या हातानं जाऊ नका." मग गाठ मारता मारता ती म्हणाली, "एक विचारू? स्वतःच्या आठ निरोपांत तुम्ही इतकं चांगलं कधी लिहिलं नाही. का?"

"का?"

"तुमच्यात नेहमी वास यायचा. 'अजून एकदा थांबवून बघा मला' असा. यात नव्हता." तिनं गाठोडं त्याच्या हातात दिलं. "मीच घेतलीय त्या पोरीसाठी शाल, मीच जाणार उद्या लग्नाला. ती काय माझी वैरीण आहे? पण तिचा तंदूर तिथं सासरी तयार आहे. माझा इथं आहे. एवढं लक्षात ठेवा आणि नाव सांगा."

चायखान्यावरून जाणं टाळता आलं असतं, पण दुसऱ्या रस्त्यानं न्हाव्याचं दुकान लागत होतं. चिनाराखालच्या बाजेवरून गनी बाबांनी हाक मारली. सत्तरी उलटलेले गनी बाबा दर शनिवारी पहिल्या रांगेत बसून सोबितला नव्वद मिनिटं शिव्या घालायचे, मध्यंतरात चहा पिऊन घसा ओला करायचे.

"ये, ये बाळा, बस! काल तुझं वाचलं. नातवाकडून तीनदा वाचून घेतलं."

"बाबा, घाईत आहे."

"घाईत असणारच. चहा गरम आहे तोवर उठावं! व्वा!" त्यांनी डोळे पुसले, खरोखर पुसले. "एवढं सुंदर लिहितोस हे आधी कळतं, तर मी तुला त्या शब्दांत बोललो नसतो रे. निदान आईवरून तरी नसतो बोललो."

"आपली माणसं बोलतात, बाबा."

"बोलतात. पण आता वाईट वाटतं." त्यांनी सोबितचा हात दोन्ही हातांत धरला, छातीशी नेला, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बरं, नवा कोण येतोय? तुला ठाऊक असेल. बचावाचं जमतं ना त्याला?"

शेजारच्या बाजेवरचे तिघे तोंडापाशी नेलेले चहाचे कटोरे तसेच धरून उत्तरासाठी थांबले. सोबितला वाटलं, आत्ता ओरडून सांगावं: अरे, कोणी येत नाहीये, मीच आहे, आहे तोच बचाव आहे! पण इतक्या प्रेमानं धरलेला हात सोडवून घेऊन एवढी वाईट बातमी कशी द्यायची?

"जमेल," तो म्हणाला.

"अल्हम्दुलिल्लाह," गनी बाबा म्हणाले.

कचेरीत शिरताच संचालक नुरमत हकीमोविच खुर्चीतून उठले. दहा महिन्यांत हा माणूस त्याच्यासाठी उठला नव्हता.

"सोबित अका! काय लिहिलंत! माझ्या बायकोनं दोनदा वाचलं. आमच्या लग्नाआधीची माझी पत्रं तिनं एकदाही पुरी वाचली नव्हती!"

"नुरमत हकीमोविच, मला जरा—"

"आधी मी बोलतो. मोठ्या मनानं ऐका. जूनमध्ये विषय निघाला होता. खोटं कशाला बोलू? निघाला होता. वरून म्हणाले, नवीन रक्त आणा. मी म्हटलं, सोबित अकांना मी कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या तोंडातून निघेचना. आणि तुम्ही! आपणहून!" त्यांनी डोळे मिटून मान हलवली. शिंकं आपलं आपण तुटलं होतं आणि बोका लोण्याचे आभार मानत होता. "हे बघा, हे कालच आणवलं."

खुर्चीच्या पाठीवर चोपान होता. निळा, सोनेरी रेघांचा. आजवरच्या सगळ्यांहून भारी. संचालकांनी तो उचलून सोबितच्या खांद्यांना लावून पाहिला, आणि आठ वेळच्या सवयीनं सोबितचे दोन्ही हात आपोआप पसरले. लक्षात आल्यावर त्यानं ते घाईनं मिटले आणि रोट्यांचं गाठोडं पुढं केलं.

"सलोमतनं दिल्यात."

"त्याच ना, तंदुरातल्या? वाहवा!" संचालकांनी लगेच एक मोडली. वाफ निघाली. "बसा. चहा घ्या. आणि हा कागद, म्हणजे एकदाचं ते संपवू. मजकूर मी तुम्हाला काय सांगायचा?"

कोरा कागद, निळं पेन. सोबितनं पेनाकडे पाहिलं.

"ते पत्र माझं नाही," तो म्हणाला.

संचालकांचा घास थांबला. "म्हणजे? तुम्ही नाही लिहिलं?"

"लिहिलं मीच. पण दुसऱ्यासाठी. चुकून इथं पडलं."

"दुसऱ्यासाठी." त्यांनी घास गिळला. "अका, थट्टा करताय."

"करत असतो नेहमी. आज नाही."

"कुणासाठी?"

"ते शुक्रवारी सांगेन."

नुरमत हकीमोविच मनानं वाईट माणूस नव्हता. तो फक्त दोन फोनांच्या मधोमध बसलेला माणूस होता. त्यानं एका फोनाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "काल जिल्ह्याच्या हाकिम साहेबांनी ते जेवणाच्या पंगतीत वाचून दाखवलं. पाहुण्यांसमोर. म्हणाले, याला म्हणतात खानदानी माणूस, चांगला झगा द्या. नव्या माणसाला निरोप गेलाय, शुक्रवारी तो इथं पोचेल. आता मी साहेबांना काय सांगू? चुकून पडलं? कुणाचं, असं विचारतील. माहीत नाही, असं सांगू? म्हणजे माझ्या कोचनं त्यांना बनवलं, नाहीतर मी बनवलं."

"दोन दिवस—"

"आज बारापर्यंत. बारानंतर माझ्याही हातात नाही." त्यांनी खुर्ची पुढं ओढली, आवाज मऊ केला. "एक नाव द्या, अका. मी त्या क्लबच्या अध्यक्षांना फोन करून खात्री करून घेतो, साडेअकराला साहेबांना सांगतो, बाराला नावासकट दुरुस्ती टाकतो. एकला तुम्ही मैदानावर. पोरं वाट बघतायत."

खिडकीतून पोरं दिसत होती. सहायक त्यांना गोल गोल पळवत होता, आणि ती नेहमीसारखीच चुकीच्या दिशेनं वळत होती. सातव्या क्रमांकाचा संघ. सोबितला त्यांच्याविषयी भारी माया दाटून आली.

मेलेल्या कुणा कोचचं नाव घ्यावं का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तो नाकारायला आला नसता. पण मेलेल्यानं निरोप घ्यायला जरा उशीरच केला, असं हाकिम साहेब म्हणाले असते. मग त्यानं आपल्याच मनात आणखी खाली वाकून पाहिलं, आणि तिथं एक फार ओशाळवाणी गोष्ट सापडली. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला खानदानी म्हणत होते, आणि तो मोठेपणाही दुसऱ्याच्या नावचा होता. निदान तो जपून तरी ठेवावा, इतका त्याला लोभ सुटला होता. उलमसला वाचवण्यात किती भाग माया आणि किती भाग हा लोभ, हे तराजूत घालायला त्याला आवडलं नसतं.

"मग हे लिहा," संचालकांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "स्वतःच्या इच्छेनुसार."

सोबितनं पेन हातात घेतलं. टोपण काढलं.

"आठ वेळा लिहिलंय मी हे," तो म्हणाला. "आठ वेळा इच्छा नव्हती, तरी सुवाच्य अक्षरात लिहिलं. या वेळी खरीखुरी इच्छा झालीय, नुरमत हकीमोविच. राहायची. तिचा अर्ज कसा लिहितात, ते मला कुणी शिकवलंच नाही."

"मग राहा की!" संचालक टेबलावर हात आपटून म्हणाले, आणि त्यांना ते खरंच मनापासून वाटत होतं, गरम रोटी खाल्लेल्या माणसाला वाटतं तसं. "मी कुठं ढकलतोय? बायकोनं तंदूर बांधलाय, गाव ओळखीचं झालंय, दोन वर्षांनी निवृत्ती. एका नावासाठी हे सगळं सोडताय? कोण आहे तो? भाऊ आहे तुमचा? मुलगा आहे? काय दिलंय त्यानं तुम्हाला असं?"

खरबुजांचा गाडा, सोबितला आठवलं. भरपाई सोबितनंच करून दिली होती.

त्यानं पेनाला टोपण लावलं. कागद होता तसाच, कोरा, संचालकांकडे परत सरकवला, त्यावर पेन आडवं ठेवलं, आणि गुडघ्यांवर हात टेकत उठला.

"अका! साडेदहा झालेत. बारापर्यंत वेळ आहे. नुसतं नाव. कोण आहे तो?"

सोबित दारापर्यंत गेला. चौकटीपाशी त्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. वाकून ती त्यानं बांधली, नीट दोनदा.

"सोबित अका, मी विचारतोय! कोण?"

त्यानं दार मागं ओढून घेतलं आणि जिना उतरू लागला.